तेरा-शून्य-पंचेचाळीसच्या गोणीत मीठ, आणि डायल खाली करणारे आम्ही

गणित येत नव्हतं म्हणून फसलो असं कुणी म्हणू नये, म्हणून आधी गणितच मांडतो. पिकाला पोटॅशियम २०० पीपीएम, म्हणजे लिटर पाण्यात २०० मिलिग्रॅम, द्यायचं होतं. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट खत, १३ टक्के नायट्रोजन आणि ४५ टक्के पोटॅश. गोणीवरचं हे ४५ पोटॅशियमच्या ऑक्साइडच्या (पोटॅशच्या) हिशेबातलं, त्याला ०.८३ ने गुणलं की खरं पोटॅशियम निघतं ३७.४ टक्के. २०० ला ०.३७४ ने भागलं, लिटरमागे ५३५ मिलिग्रॅम खत आलं. इंजेक्टर (ड्रिपच्या पाण्यात खताचं दाट द्रावण ओढून मिसळणारं यंत्र) १:१०० वर, म्हणजे त्या दाट द्रावणाच्या स्टॉक टाकीत लिटरला ५३.५ ग्रॅम आणि २०० लिटरच्या टाकीला १० किलो ७०० ग्रॅम. नायट्रोजन सोबत ७० पीपीएम येतो, तो कॅल्शियम नायट्रेटच्या हिशेबातून वजा केलेला. (४५ तसंच धरून भागणारे कमी नाहीत. त्यांना ४४४ मिलिग्रॅम येतं आणि पिकाला १६६ पीपीएमच मिळतं. ती चूक इथे झाली नव्हती.) काटा तपासलेला होता, टाक्या दोन वेगळ्या होत्या, गाळ बसू नये म्हणून कॅल्शियम आणि सल्फेट कधी एकत्र येऊ दिलं नाही. सगळं बरोबर होतं. फक्त गोणीत दर १० किलोमागे ४ किलो साधं मीठ होतं.

आता तो क्षण, जो आठवला की अजून स्वतःचाच राग येतो. नवीन लॉटची पहिली टाकी भरली आणि ड्रिपरखालच्या पाण्याची ईसी (विद्युत वाहकता, जिच्यावरून पाण्यातले क्षार मोजतात) हिशेबापेक्षा ०.१५ ने जास्त आली. जास्त! विक्रेता म्हणाला, "माल कडक आहे, डोस कमी लागेल." आणि आम्ही खूश होऊन इंजेक्टरचा डायल १ टक्क्यावरून ०.९ वर आणला.

तिथेच थांबायला हवं होतं. शुद्ध पोटॅशियम नायट्रेट लिटरला १ ग्रॅम टाकलं की ईसी साधारण १.३ येते. मिठाची येते २ च्या आसपास. मीटर पाण्यातले क्षार मोजतो, ते कोणते हे त्याला कळत नाही. ५३५ मिलिग्रॅम चोख खताची ईसी ०.७० भरते, त्यात ४० टक्के मीठ असेल तर ०.८४. फरक बरोबर तोच, ०.१५ च्या जवळ. म्हणजे मीटरने चोर दाखवला होता आणि आम्ही त्याला पाहुणा समजलो. खत ठरलेल्या टक्क्यांचंच असेल, तर ते 'कडक' निघू शकत नाही, एवढी साधी गोष्ट.

परिणाम आकड्यांत पाहा. पोटॅशियम २०० ऐवजी १२०, आणि डायल खाली केल्यावर १०८. नायट्रोजन ७० ऐवजी ४२, मग ३८. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, ज्यांचा काही दोष नव्हता तेही १० टक्क्यांनी खाली. वरून सोडियम ७६ आणि क्लोराइड ११७ पीपीएम. सोडियम पीक फारसं उचलत नाही, ते मुळाशी साठत जातं. खालच्या जुन्या पानांच्या कडा पिवळ्या झाल्या, मग करपल्या. पोटॅशियमची कमतरता असली तरी कडाच करपतात, क्षार साठले तरी कडाच करपतात. मुळांखालून निथळणाऱ्या पाण्याची ईसी वाढलेली दिसली म्हणून पाणी जास्त सोडलं, आणि उरलंसुरलं पोटॅशियमही धुऊन गेलं.

मग विक्रेत्याने इंजेक्टरवर बोट ठेवलं. "जास्त ओढतोय, सील बदला." सील बदलले, तेही त्याच्याकडूनच. खरं तर इंजेक्टर दोषी आहे की नाही हे तासाभरात कळतं: सक्शन नळी खुणा असलेल्या भांड्यात सोडायची, १०० लिटर पाणी जाऊ द्यायचं, भांड्यातून १ लिटर कमी झालं पाहिजे. हे रोजच्या प्रवाहावर मोजा. पाण्याच्या जोरावर चालणारा पिस्टन किमान प्रवाहाखाली नीट ठोके देत नाही आणि व्हेंचुरीचा (दाबाच्या फरकावर खत ओढणाऱ्या नळीचा) ओढा तर दाबाबरोबर बदलतो. आम्ही ही चाचणी केली, पण सील बदलल्यानंतर. ९९० मिलिलिटर. जुने सील कचऱ्यातून काढून परत बसवले तर ९८५.

तक्रार करायला गेलो तर पहिला प्रश्न, "गोणी फोडली का?" फोडल्याशिवाय मीठ कसं कळणार, साहेब? फोडलेल्या गोणीचा नमुना चालत नाही, आणि सीलबंद गोणी शिल्लक नव्हती. दुसऱ्या टेबलावर सांगितलं की पिकाचं नुकसान त्यांच्याकडे येत नाही. तिसऱ्यावर करपलेली पानं दाखवली तर शांतपणे म्हणाले, "ही क्षार साचल्याची लक्षणं आहेत, तुमचं पाणी तपासा." अहो, तेच तर सांगतोय! पाण्याचा रिपोर्ट अर्जाला जोडलेलाच होता, तो कुणी उलटूनही पाहिला नाही. शेवटी स्वतःच नमुना प्रयोगशाळेत दिला. नायट्रोजन ७.८, पोटॅश २७. क्लोराइडचा रकाना रिकामा, कारण फॉर्मवर त्यासमोर खूण केली नव्हती आणि खूण करायची असते हे खिडकीवर कुणी बोललं नाही. पुन्हा पैसे, पुन्हा रांग. तोवर पीक उपटून झालं होतं.

म्हणून फॉर्मवर पोटॅश, क्लोराइड, सोडियम आणि नायट्रेटचा नायट्रोजन वेगळा, असं स्वतःच्या हाताने लिहा. नुसत्या एकूण नायट्रोजनवर जाऊ नका. मिठासोबत युरिया मिसळणारा जास्त हुशार असतो: युरियाची ईसी जवळपास शून्य, नायट्रोजन ४६ टक्के. ईसीही जुळते, नायट्रोजनही जुळतो, आणि पोटॅश मात्र गायब.

घरच्या घरी करायचं तर १ ग्रॅम खत १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात टाकून ईसी मोजा, १.३ च्या जागी १.६ आली तर गोणी परत. त्याच पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. किंचित धूसर झालं तर चालेल, दह्यासारखं पांढरं फाटलं तर क्लोराइड भरपूर आहे. विहिरीचं पाणी यासाठी वापरू नका, त्यात स्वतःचंच क्लोराइड असतं. विक्रेत्याने दिलेला ईसीचा तक्ता मानू नका. आमच्या तक्त्यावर १.६ च छापलं होतं.

आणि थर्मामीटर. पोटॅशियम नायट्रेट विरघळताना पाणी गार करतं: १० लिटरमध्ये १ किलो टाकलं की तापमान साधारण ८ अंशांनी उतरतं. आमच्या भेसळीत ते साडेपाच अंशांनीच उतरलं असतं. बादलीला नेहमीसारखा घाम फुटला नव्हता, ढवळणाऱ्याने तसं सांगितलंही होतं. त्याला "ढवळ नीट" एवढंच उत्तर मिळालं.

प्रत्येक लॉटची एक गोणी न फोडता, बिलाच्या प्रतीसकट, शेवटच्या तोड्यापर्यंत बाजूला ठेवा. लॉट नंबर बिलावर लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर तिथूनच परत फिरा.