इथली वही बघूनच आईला ठेवलंय

आईला इथं, कोल्हापुरातल्या या वृद्धांच्या केअर सेंटरात ठेवून आठ महिने झाले. वय ८१, खुबा मोडून ऑपरेशन झालेलं. महिन्याला २४ हजार, डायपर आणि औषधं वेगळी. खोल्या स्वच्छ, जेवण घरच्यासारखं, कळंब्याकडचा वारा येतो. पण मला सांगायचंय ते इथल्या रोजच्या वहीबद्दल.

याआधी ती तीन महिने दुसरीकडे होती. तक्ता तिथंही होता: आंघोळ, कपडे, जेवण, संडास, उठबस. महिनाअखेरीला बघितला तर तीसही दिवस एकाच पेनानं, एकाच रकान्यात खुणा. 'पूर्ण मदत'. आई तेव्हा भाकरी दुधात कुस्करून आपल्या हातानं खात होती, तरी भरवल्याची खूण. पुढं खरंच भरवायला लागले, कारण भरवलं की लवकर उरकतं. तिसऱ्या महिन्यात तिची बोटं घासाला वळेनात.

इथं पहिल्याच दिवशी सिस्टरनी बार्थेलचा तक्ता भरला. रोजची दहा कामं माणूस स्वतः किती करतो, त्याचे शंभरपैकी गुण. मी म्हटलं, "थोडा धीर दिला तर चालेल हो ती." त्या म्हणाल्या, "चालेल का ते नको ताई, काल दिवसभरात चालल्या का तेवढं सांगा." आईचे ३० आले. मला रडू आलं, पण आकडा खरा होता. असाच एक जुना तक्ता डॉ. सिडनी कॅट्झ यांचा, १९६३ सालचा. त्यांचं काम खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे बघत बघतच उभं राहिलं, हे मला इथल्या फिजिओंनी सांगितलं. माणसाचं आपल्या हातानं आंघोळ करणं आधी सुटतं, आपल्या हातानं जेवणं सगळ्यात शेवटी. आईचं हातानं जेवणंच सुटत चाललं होतं. मी किती उशिरा जागी झाले ते तेव्हा कळलं.

रोजच्या वहीत इथं खुणा नाहीत, शब्द आहेत. स्वतः केलं, नजर ठेवली, हात लावला, उचललं, दोघी लागल्या. पुढं वेळ आणि सही. आई आयुष्यभर नऊवारी नेसली. मावशींनी गाऊन पुढं केला की म्हणते, "मी नेसतो की, तू हो बाजूला." म्हणून तिच्या पानावर दोन्ही वेगळं लिहितात. गाऊन: स्वतः. लुगडं: निऱ्या स्वतः, काष्टा मागं खोचायला हात लावला, २० मिनिटं. त्या वीस मिनिटांत मावशी शेजारी उभी राहते, घाई करत नाही. हे मी दारातून डोळ्यांनी बघितलंय. नुसतं 'कपडे: मदत' लिहिलं असतं तर उद्या दुसऱ्या पाळीच्या बाईनं सरळ गाऊन चढवला असता आणि आईच्या निऱ्या कायमच्या गेल्या असत्या.

एक तक्रार आहे. गौरीच्या जेवणाला आईला घरी शिवाजी पेठेत आणलं होतं. माडीवर न्यायला दोन्ही भाच्यांनी खुर्चीत बसवून उचललं. दुसऱ्या दिवशी वही चाळली तर त्याच दुपारचं 'जेवण स्वतः, नजर ठेवली' लिहिलेलं, सहीसकट! आधीच्या ठिकाणचं सगळं डोळ्यांपुढं आलं, मी फार चिडले. इथल्या मॅडमनी ऐकून घेतलं, ती नोंद माझ्यासमोर खोडून शेजारी कारण लिहिलं. तेव्हापासून वही ऑफिसात नसते, खाटेपाशी दोरीनं बांधलेली असते आणि काम झालं की तिथंच लिहितात. रात्रपाळीचं मात्र अजून कच्चं आहे. सलग तीन रात्री 'वरीलप्रमाणे' दिसलं की मी विचारते, तुम्हीही विचारा.

आता आईचे ६५ आहेत. जेवण पूर्ण हातानं, वेणी स्वतः, लघवीचं भान परत आलंय, एकीच्या आधारानं व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालते. आंघोळीला अजून शून्यच.

बघायला येणार असाल तर दुपारी चारनंतर या, सकाळी सगळ्या मावशी आंघोळींत गुंतलेल्या असतात. आपल्या माणसाचं पान मागा, नाही म्हणत नाहीत. जिन्याच्या रकान्यातही आईला शून्य आहे. आमच्या माडीला अकरा पायऱ्या. या सोमवारपासून फिजिओ तिला दोन पायऱ्या चढवून बघणार आहेत.