सराफ बाजारातील एका चांदी कारागिराचे काम

नाशिकच्या सराफ बाजारातील एका लहानशा पेढीवर आजीचे झिजलेले तोडे आटवून निरांजनांची जोडी आणि पंचपाळे घडवून घेतले, त्याचा हा अनुभव. कारागिरांनी तोडे आधी आमच्यासमोर तोलले, मुशीत, म्हणजे धातू वितळवण्याच्या भांड्यात, टाकणखार घालून आटवले आणि तयार झालेली चांदीची लगड पुन्हा तोलून, सांधे जोडताना वापरलेल्या जुन्या डाकामुळे व मळामुळे आलेली तूट पावतीवर लिहून दिली. हा चोखपणा मला घडणावळीतील सवलतीपेक्षा मोलाचा वाटतो. शुद्ध चांदी मऊ असल्याने रोजच्या घासण्यापुसण्यात तिला पोचे पडतात, म्हणून 1000 भागांत 925 भाग चांदी आणि उरलेले बहुतांशी तांबे असे मिश्रण त्यांनी सुचवले, तसेच ठोकताना कडक होणारा पत्रा पुन्हापुन्हा तापवून मऊ का करावा लागतो, हेही दाखवले. पंचपाळ्याच्या वाट्यांच्या काठावर हातोडीचे बारीक ठसे मुद्दाम राखले आहेत, आणि साच्यातल्या गुळगुळीत वस्तूंपुढे ते मला फार देखणे वाटतात. एका निरांजनाची बैठक किंचित डुलत होती. ती त्यांनी विनाशुल्क दुरुस्त केली. काम मात्र ठरल्यापेक्षा आठ दिवस उशिरा मिळाले, त्यामुळे सणासाठी हवे असल्यास महिनाभर आधी सांगावे.