चांदीच्या पाण्यासाठी टीडीएस मीटर: आठ महिन्यांचा अनुभव

आरओचं पाणी तपासायला घेतलेला पेनासारखा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) गेले आठ महिने मी घरच्या चांदीच्या पाण्यासाठी, म्हणजे तारांतून वीज सोडून चांदी उतरवलेल्या आणि काही जण औषध म्हणून पितात त्या पाण्यासाठी, वापरतोय. प्यायच्या पाण्याला तो उत्तम. चांदी किती उतरली हे विचारायला गेलात तर फसाल.

माझा सरंजाम साधा: ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या, सोनाराकडून आणलेल्या ९९९ टंचाच्या दोन तारा, अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर. एकदा आळसाने साधं नळाचं पाणी घेतलं, तर तारेपासून दुधट ढग सुटायला लागले. ते सिल्व्हर क्लोराइड. सगळं वाया गेलं.

मीटर मोजतो ती विद्युतवाहकता आणि आकडा दाखवतो मिठाच्या हिशेबाने. चांदीचे आयन त्याला जाणवतात, कण जाणवत नाहीत. मार्चमधली बाटली ९ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) दाखवत होती. दोन आठवडे खिडकीत राहिली, पाणी फिकट पिवळं झालं आणि आकडा ६ वर आला. बूचसुद्धा उघडलं नव्हतं! चांदी आतच होती, आयनांचे कण झाले होते. पाण्यातून लेझर सोडला की दिसणारी रेघही फक्त कण आहेत एवढंच सांगते, किती ते नाही.

त्यापेक्षा मल्टिमीटर आणि घड्याळ बरं. फॅरडेच्या नियमाने १ मिलिअँपिअर प्रवाह तासभर वाहिला की जास्तीत जास्त ४.०२ मिलिग्रॅम चांदी सुटते. त्याच बाटलीला सरासरी दीड मिलिअँपिअर, दोन तास: १२ मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला २४. पण दुसऱ्या तारेवर काळा थर बसतो, तो यातून वजा व्हायला हवा. म्हणून ओळखीच्या सराफाकडे मिलिग्रॅमच्या काट्यावर दोन्ही तारा आधी आणि नंतर तोलून घेतल्या. घट ७ मिलिग्रॅम, म्हणजे तळाचा गाळ धरून लिटरला १४.

हा खटाटोप मेहुण्यांसाठी केला. मीटरवर १० दिसले की ते रोज चमचाभर घ्यायचे, आणि मला त्याची धास्ती वाटायची. अमेरिकेत मोंटाना राज्यातले राजकारणी स्टॅन जोन्स १९९९ पासून घरीच केलेलं असं पाणी पीत होते. त्यांची कातडी निळसर राखाडी झाली. हा रंग जात नाही. १९९९ मध्येच तिथल्या औषध प्रशासनाने ही द्रावणं औषध म्हणून सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत, असं जाहीर केलं होतं.

मेहुण्यांसमोर मी कागद ठेवला. बाटली एकच, आकडे तीन: ९, २४, १४. ते बराच वेळ बघत राहिले, मग विचारलं, "मग मी रोज किती घेत होतो?" त्या दिवसापासून चमचा बंद आहे.