दोन कप्प्यांचा कचऱ्याचा पेडल डबा: मोडली क्लिप, चुकलं माप

१५+१५ लिटर, स्टीलचं आवरण, आत दोन बादल्या, हळू मिटणारं झाकण. ही माहिती खोक्यावर असतेच, त्यामुळे ती परत सांगत नाही. काही महिने रोज वापरल्यावर डब्याचं काय होतं तेवढंच लिहितो, आणि त्यातही मुख्यतः झाकणाबद्दल, कारण झाकण मोडलं.

पेडल दाबलं की मागून एक सळी वर सरकते आणि झाकण उचलते. सळीचं वरचं टोक काटकोनात वाकवून बिजागरीजवळच्या प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये अडकवलेलं असतं. तुटते ती ही क्लिप, नखाएवढी. सेवा केंद्राचं उत्तर असं, की पेडल आणि झाकण हे 'झिजणारे भाग' आहेत, वॉरंटीत बसत नाहीत. मग वॉरंटी कशाची, पत्र्याची? क्लिप सुटी मिळत नाही. अख्खं झाकण घ्यावं लागतं आणि त्याची किंमत नव्या डब्याच्या निम्म्याला टेकते. दोन फोन, तीन फोटो आणि एक पावती पाठवल्यावरही उत्तर तेच.

झाकण विकत घेऊ नका. सळीच्या जाडीचा धातूचा छोटा क्लॅम्प (वायर भिंतीला धरून ठेवायला वापरतात तो) झाकणाच्या आतल्या कण्याला ४ मिमीच्या बोल्टने बसवा. नट साधा नको, आत नायलॉनचं कडं असलेला लॉकनट घ्या, नाहीतर पेडलच्या धक्क्यांनी तो सैल होतो. सळी सहज फिरेल इतपतच आवळा. करकचून आवळला की झाकण अर्ध्यावर अडकतं आणि दोष पुन्हा पेडलला दिला जातो.

आता क्लिप का तुटते, ते. पेडल जोरात मारल्यामुळे, असं सेवा केंद्र म्हणतं. पण क्लिपची चीर पाहिली तर ती खालच्या बाजूने सुरू होते, म्हणजे बळ वरून आलेलं असतं. सुक्या कचऱ्याची बादली काठाच्या वर जाते, झाकण पूर्ण मिटत नाही, मग घरातला प्रत्येक जण ते हाताने दाबून बसवतो. तो दाब डॅम्परवर (झाकण हळू मिटवणाऱ्या भागावर) आणि सळीवर उलटा येतो. रोज असं झालं की प्लॅस्टिक कधीतरी दगा देणारच.

खरी चूक मापाची आहे. दोन्ही बादल्या सारख्या कशासाठी? ओला कचरा जड आणि घट्ट असतो, सुका हलका आणि फुगीर. पीईटीची (पाण्याच्या बाटल्यांचं नेहमीचं प्लॅस्टिक) एक लिटरची रिकामी बाटली साधारण २५ ते ३५ ग्रॅम भरते. न चेपता टाकल्या तर दहाएक बाटल्यांत १५ लिटरची बादली संपते आणि वजन होतं जेमतेम तीनशे ग्रॅम. तेवढीच बादली साली आणि उष्ट्याने भरली तर सहा-सात किलो सहज होईल, पण तोवर थांबणार कोण? ओलं दोन दिवसांत वास मारायला लागतं, म्हणून ती बादली अर्धी असतानाच रिकामी होते. म्हणजे एक कप्पा कायम अर्धा रिकामा आणि दुसरा कायम उतू जाणारा. उतू गेलेलं खोकं मग कुठे जातं? शेजारच्या ओल्या बादलीत, जागा दिसते म्हणून. वर्गीकरण मोडतं ते तिथे. 'लोकांना शिस्त नाही' हे त्यानंतरचं भाष्य.

शहरांच्या योजनांतही सारखीच मापं दिसतात, आणि त्यांचंही तसंच होतं. सॅन फ्रान्सिस्कोने उलटं केलं: पुनर्वापराच्या निळ्या डब्याला ६४ गॅलन, भरावाला जाणाऱ्या काळ्या डब्याला १६ गॅलन. दक्षिण कोरियाने १९९५पासून मिश्र कचऱ्यासाठी ठरावीक मापाच्या विकतच्या पिशव्या सक्तीच्या केल्या. वेगळा काढलेला पुनर्वापरयोग्य माल फुकट नेला जातो. पिशवी जितकी मोठी तितके जास्त पैसे, त्यामुळे काय कुठे टाकायचं हा प्रश्न घरातच सुटतो. पत्रकं वाटून एवढा फरक पडत नाही.

पाठीमागचं स्टिकरही एकदा पाहून घ्या. सुक्या कप्प्यावर बाणांचा त्रिकोण आणि खाली 'सर्व प्लॅस्टिक'. त्रिकोणातला आकडा फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो, ते परत वापरलं जाईलच याची हमी देत नाही. १ (पीईटी), २ (एचडीपीई) आणि बऱ्याच ठिकाणी ५ (पीपी) यांना गिऱ्हाईक असतं. ३ म्हणजे पीव्हीसी. ते पीईटीत थोडं जरी मिसळलं तरी वितळवताना आम्ल सुटतं आणि सगळा घाणा पिवळा पडतो. ७ मध्ये काहीही येतं, चकचकीत बहुस्तरीय वेष्टनंसुद्धा. त्यांचे थर वेगळे करणं परवडत नाही, म्हणून ती सहसा कोणी घेत नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या थाळ्या यंत्राने निवडल्या जातात तिथे बाद होतात, कारण त्यातली काजळी अवरक्त किरण शोषून घेते आणि यंत्राला ती दिसतच नाही. दुकानातल्या थर्मल पावत्या कागदात टाकू नका, त्यांच्या लेपात बहुतेकदा बिस्फेनॉल हे घातक रसायन असतं.

नंतरची भर: मूळ मजकुरात या डब्याला दोन तारे होते, आता साडेतीन देतो. कारण डबा सुधारला असं नाही, बादल्यांची वाटणी बदलली. सुका कचरा या डब्यातून पूर्ण बाहेर काढला. त्यासाठी ४०-५० लिटरचं, तोंड उघडं राहणारं विणलेलं पोतं एका कड्याला अडकवलं. त्याला झाकण लागतच नाही, कारण धुतलेल्या सुक्याला वास नसतो. आता डब्यात एकीकडे ओलं आणि दुसरीकडे नाइलाजाचं: तेलकट कागद, डायपर, पॅड, केरातली धूळ. या दोन्हींना झाकण हवं, आणि दोन्हींना १५ लिटर पुरून उरतात. झाकण हाताने दाबायची वेळ येत नाही, क्लॅम्पही जागचा हललेला नाही.

पोत्यात टाकण्याआधी बाटलीतली हवा काढा, पिळून चपटी करा आणि बूच परत लावा, म्हणजे ती पुन्हा फुगत नाही. बूच वेगळ्या प्लॅस्टिकचं असलं तरी चालतं. चुरा पाण्यात सोडला की पीईटी बुडतं, एचडीपीई आणि पीपीची बुचं तरंगतात. खोकी उकलून सपाट करा. दुधा-तेलाच्या डब्या-पिशव्या भांड्यांच्या शेवटच्या पाण्यात विसळून उपड्या निथळवा, त्यासाठी नळ नव्याने सोडायची गरज नाही. पिशवीचा कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडू नका, सुटे तुकडे कुठल्याच चाळणीत थांबत नाहीत. काच वेगळी, आणि फुटकी असेल तर कागदात गुंडाळून वर तसं लिहा. लिथियमच्या बॅटऱ्या या डब्यात कधीच नाही. टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या जमा करा, कचऱ्याच्या गाडीत दाबल्या गेल्या की त्या पेट घेऊ शकतात.

झाकणातल्या 'कार्बन फिल्टर'ची फार चर्चा होते म्हणून सांगतो, ती पुडी ओलाव्याने लवकर निकामी होते. वास येतो तो बादलीच्या तळाशी पाणी साचून हवा न मिळाल्यामुळे. तळाशी वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्या टाका आणि पातळ पदार्थ आधी गाळून घ्या, पुडीची गरज उरत नाही. त्या घड्या ओल्याबरोबर खतात जातात, उलट कोरडा कागद खताला लागतोच.

कंपनीच्या मापाच्या पिशव्यांवर 'बायोडिग्रेडेबल' लिहिलंय, त्यालाही भुलू नका. खतात कुजणाऱ्या प्लॅस्टिकच्या आयएसओ १७०८८ किंवा ईएन १३४३२ या मानकाचा उल्लेख नसेल तर ती पिशवी खतात कुजण्याऐवजी नुसते बारीक तुकडे होऊन राहू शकते. उल्लेख असला तरी ही मानकं मोठ्या, तापलेल्या खतप्रकल्पासाठी आहेत, बाल्कनीतल्या थंड कुंडीसाठी नाहीत. बादलीला पिशवी न लावता ती रोज धुणं सगळ्यात स्वस्त पडतं. बादली सुटी निघते, कडा गुळगुळीत आहेत, कोपऱ्यात काही अडकत नाही. साडेतीनातला अर्धा तारा त्याचाच.