नागिणीनंतरचं दुखणं: कोरियात पेन क्लिनिकला जावं की हानिवॉनला?

नागिणीचे फोड सुकून तीन महिने झाले, तरी आग थांबत नाही, मधूनच कळ मारते, बनियनचा काठ घासला तरी जीव कासावीस होतो. कोरियात राहणाऱ्याला अशा वेळी दोन वाटा असतात. हानिवॉन म्हणजे पारंपरिक कोरियन वैद्यकाचा दवाखाना. तिथल्या हानुईसाकडे, म्हणजे कोरियन वैद्याकडे, सहा वर्षांची पदवी आणि सरकारी परवाना असतो, पण त्याला प्रीगॅबालिन, म्हणजे नसांच्या दुखण्यावरची गोळी, लिहून देता येत नाही. पेन क्लिनिकचा डॉक्टर हान्याक, म्हणजे काढा, देत नाही. त्यामुळे एकीकडे काय चाललंय ते दुसरीकडे सांगायचं काम रुग्णाचंच. औषधांच्या चिठ्ठ्या दोन्हीकडे दाखवा.

झोपच लागत नसेल तर आधी पेन क्लिनिक गाठा. गॅबापेंटिन, म्हणजे त्याच जातीची दुसरी गोळी, बहुधा रात्री 300 मिलिग्रॅमपासून सुरू होऊन हळूहळू वाढतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी लागतो. चक्कर आणि झापड हा मुख्य त्रास. म्हातारी माणसं रात्री बाथरूमला उठताना पडतात ती यामुळेच. कातडी बधिर करणाऱ्या लिडोकेनचा 5 टक्क्यांचा पॅच दिवसातून 12 तासच लावायचा, तोही जखम नसलेल्या कातडीवर.

हानिवॉनमधला मुख्य उपचार सुयांचा. जिथे स्पर्शही सोसवत नाही तिथेच सुई टोचली तर दुखणं भडकू शकतं. म्हणून जाणकार हानुईसा नागिणीच्या पट्ट्याच्या कडेने आणि त्याच नसेच्या पातळीवर मणक्यालगत सुया लावतो, 15-20 मिनिटं ठेवतो, कधी त्यांना सौम्य वीजप्रवाह जोडतो. त्तूम, म्हणजे औषधी पाल्याचा शेक, घेताना जास्त जपा: नागिणीने बधिर झालेल्या कातडीला चटका कळतच नाही, फोड आल्यावर समजतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रक्त काढणारं बुहांग, म्हणजे कातडी ओढून धरणारे पेले, नको. बऱ्याच काढ्यांत ज्येष्ठमध असतं; दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं.

मधमाशीच्या विषाचं इंजेक्शन, बोंगचिम, आम्ही सुचवणार नाही. 2018 मध्ये बुचॉन शहरात पाठदुखीसाठी ते घेतलेल्या एका महिलेचा तीव्र ॲलर्जीने मृत्यू झाला. तरीही घ्यायचंच ठरलं, तर आधी त्वचेवर चाचणी आणि हाताशी ॲड्रेनलिन हवंच.

पुराव्याच्या बाबतीत गोळ्या पुढे आहेत. सुयांवरचे अभ्यास लहान आहेत, आणि खरी सुई की खोटी हे रुग्णापासून लपवणं अवघड जातं. पण गोळ्यांनी वेदना 10 पैकी 8 वरून 5 वर येऊन अडकली, किंवा झापडीमुळे डोस वाढवता येत नाही, तर सुया जोडून पाहणं योग्य. आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे. रोज रात्री 0 ते 10 मध्ये वेदना आणि झोपेचे तास लिहा. वेदना निदान दोन अंकांनी उतरली नाही तर थांबवा. बरं वाटलं म्हणून प्रीगॅबालिन एकदम बंद करू नका. डॉक्टरला विचारून किमान आठवडाभरात उतरवा.

खर्चाचं म्हणाल तर सुया, शेक आणि बुहांग राष्ट्रीय आरोग्य विम्यात बसतात. बोंगचिम आणि बहुतेक काढे पदरचे. सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्या परदेशी माणसाला 2019 पासून हा विमा सक्तीचा आहे. भेटीला आलेल्या आईवडिलांना तो मिळत नाही.

हे सगळं जुन्या दुखण्याचं. फोड नवे असतील तर गेरू लावण्यात वेळ घालवू नका, विषाणूविरोधी गोळी 72 तासांत पोटात जायला हवी. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा.