हँडी आधी की तार आधी? खान्देशातून हॅम रेडिओ सुरू करताना

हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं बिनतारी संच चालवण्याचा, नाद लागला की बहुतेक जण आधी हँडी, म्हणजे हातातला छोटा वायरलेस सेट, घेतात. स्वस्त, खिशात मावणारी. पुण्या-मुंबईत ते चालून जातं. जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या गावात राहत असाल, तर मी म्हणेन आधी तार टांगा, म्हणजे तारेच्या अँटेनावर एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झच्या, लांब पोचणाऱ्या लहरी) सुरू करा.

हँडीचा २ मीटर बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. केळीच्या बागेत उभं राहून बोललात तर आवाज काही किलोमीटरवर विरतो. तोरणमाळच्या कड्यावरून शहाद्याकडचा मुलूख समोर पसरतो, तिथून हँडी खूप लांब पोचेल. पण रोज तोरणमाळ कोण चढणार? आवाक्यात रिपीटर (आवाज पकडून पुढे पाठवणारं उंचावरचं केंद्र) नसेल, तर ऐकणारंच कुणी नसतं. एक गंमत मात्र हँडीचीच: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जातं, १४५.८०० मेगाहर्ट्झवर अधूनमधून ऐकू येतं, आणि सातपुडा आड येत नाही.

एचएफमधल्या ७ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे ४० मीटर बँडच्या, लहरी आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परततात. दिवसा काहीशे किलोमीटर सहज, रात्री त्याहून कितीतरी लांब. अँटेना घरी होतो: साधी तांब्याची वायर, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर, मध्ये पीव्हीसी पाइपचा तुकडा, तिथून कोॲक्स केबल खाली सेटपर्यंत. मधला भाग पाण्याच्या टाकीवर, टोकं खाली तिरकी. वायर थोडी लांबच ठेवा आणि अँटेना जुळला का ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर बघत छाटत या. कापलेली परत जोडणं जिवावर येतं. शहरात एवढी जागा नाही, आपल्याकडे खळं आहे. खरा त्रास गोंगाटाचा. एलईडी बल्ब, सोलर इन्व्हर्टर, चार्जर, सगळे खरखरतात. लाइट गेली की बँड कसा स्वच्छ होतो बघा! म्हणून सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर ठेवा. लोडशेडिंगचा एवढाच काय तो फायदा.

पैशांत मात्र हँडी जिंकते. ती काही हजारांत येते, नवा एचएफ सेट सहसा त्याहून बराच महाग. सोल्डरिंग जमत असेल तर हैदराबादच्या अशर फरहान यांचं बिटएक्स हे घरी जोडायच्या एचएफ सेटचं डिझाइन बघा. ताकद कमी, पण काम चोख.

दोन्हींसाठी परवाना आधी, प्रक्षेपण नंतर. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर अर्ज करता येतो. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स (टिंब-रेघांची लिपी) लागत नाही, कॉलसाइन (हवेतलं तुमचं ओळखनाव) व्हीयू३ ने सुरू होतो, वरच्या जनरल ग्रेडला व्हीयू२. सुरुवातीला रिस्ट्रिक्टेड पुरतो, त्यात ७ मेगाहर्ट्झही येतो, फक्त पॉवरची मर्यादा कमी. परवाना यायला वेळ लागतो. तोवर वेबएसडीआरवर (इंटरनेटवरून ऐकता येणारे दुसऱ्यांचे रेडिओ) मोबाइलवरच ४० मीटर ऐका. आठवडाभरात कंटाळलात तर पैसे वाचले.

आणि तार टांगलीत तर वळवाच्या दिवसांत लक्ष ठेवा: ढग दिसले की कोॲक्स सेटमधून काढून घराबाहेर. गडगडायची वाट बघू नका.