गाडीसाठी स्वस्तातला वाटाड्या: स्वतंत्र जीपीएस, अँड्रॉइड स्टीरिओ की जुना फोन?

ज्यांच्या गाडीला कंपनीकडूनच पडदा आलेला आहे आणि त्यावर फोनमधला नकाशा दाखवणारे अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले चालते, त्यांचा प्रश्न सुटलेला आहे. हा आढावा उरलेल्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांची गाडी दहा-बारा वर्षांची असली तरी इंजिन ठणठणीत आहे, डॅशबोर्डवर साध्या स्टीरिओपलीकडे काही नाही आणि केवळ रस्ता कळावा म्हणून मोठा खर्च करण्याची ज्यांची इच्छा नाही. अशा मालकापुढे आज चार पर्याय आहेत: फक्त नकाशासाठी बनवलेले स्वतंत्र जीपीएस यंत्र, डॅशबोर्डात बसवायचा अँड्रॉइड स्टीरिओ, होल्डरमध्ये अडकवलेला रोजचा मोबाइल आणि घरात पडून असलेला जुना मोबाइल. हे चारही मी कमीअधिक काळ वापरलेले आहेत. माझा वापर मुख्यतः पुणे शहरात आणि पुण्याहून उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाटमार्गे चिपळूण-गुहागरकडे असा असल्यामुळे माझी मते त्या रस्त्यांच्या अनुभवातून बनलेली आहेत. ज्यांचे सगळे आयुष्य मुंबईच्या द्रुतगती मार्गांवर जाते, त्यांना ती थोडी वेगळी वाटू शकतील.

स्वतंत्र यंत्राबद्दल मला आजही आदर आहे. काचेला चिकटवायचे, सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये वायर खुपसायची आणि निघायचे. त्याला सिम लागत नाही, इंटरनेट लागत नाही आणि घाटात टॉवर गेला तरी त्याला पत्ताही लागत नाही, कारण यंत्रातला जीपीएस रिसीव्हर उपग्रहांकडून फक्त ऐकतो, त्यांना काही पाठवत नाही, आणि नकाशा यंत्राच्याच स्मृतीत असतो. त्यातली गोची नकाशाच्या वयात आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला आणि शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये, चांदणी चौकाचे नवे रूप ऑगस्ट 2023 मधले, अटल सेतू जानेवारी 2024 मधला. ज्या यंत्राचा नकाशा यापूर्वीचा आहे, ते यंत्र अटल सेतूवर तुमची गाडी निर्विकारपणे खाडीच्या पाण्यातून चालवते. काही जुन्या नकाशांत मुंबई-गोवा रस्ता अजून 17 क्रमांकाचाच आहे, त्यामुळे 66 ची पाटी पाहून नवखा चालक बिचकतो.

जुन्या बाजारात असे यंत्र स्वस्तात मिळाले तर आणखी एक गोष्ट तपासावी. जीपीएस तारखेचा हिशेब आठवडे मोजून ठेवते, ही मोजणी 1024 आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते, आणि असा फेरा 6 एप्रिल 2019 रोजी पूर्ण झाला. त्यानंतर अद्ययावत न केलेली काही जुनी यंत्रे तारीख सुमारे वीस वर्षे मागची दाखवतात. रस्ता बहुतेक वेळा बरोबर दाखवला जातो, पण यंत्राला नवे सॉफ्टवेअर कोणी घातलेले नाही याची ती सरळ खूण आहे, आणि ज्याने सॉफ्टवेअर घातलेले नाही त्याने नकाशा तरी कशाला बदलला असेल? नवे यंत्र घ्यायचे झाले तर नकाशाचे नूतनीकरण किती वर्षे आणि किती पैशांत मिळणार, एवढा एकच प्रश्न दुकानदाराला विचारावा. उत्तर गुळमुळीत आले तर पुढे जावे.

अँड्रॉइड स्टीरिओ हा सध्याचा लोकप्रिय मार्ग आहे, आणि ज्यांना गाणी, मागचा कॅमेरा आणि नकाशा असे सगळे एका पडद्यावर हवे असते, त्यांना मी तो टाळा असे म्हणणार नाही. मात्र दुकानात दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात, हे लक्षात ठेवणे अत्यावश्यक आहे. एका प्रकारात स्टीरिओ म्हणजे स्वतःच एक अँड्रॉइड टॅब असतो: त्याची स्वतःची रॅम, स्वतःची जीपीएस अँटेना आणि इंटरनेटसाठी सिम किंवा तुमच्या फोनचे हॉटस्पॉट. दुसऱ्या प्रकारात नकाशा फोनवरच चालतो आणि अँड्रॉइड ऑटोच्या मार्गाने त्याचे चित्र फक्त पडद्यावर येते. स्वस्त वस्तू बहुधा पहिल्या प्रकारची असते. बसवणावळीसह दहा हजारांच्या आसपास सुरू होणारा हा व्यवहार कागदावर मोहक दिसतो, पण निघताना गाडी सुरू करून पडदा जागा होण्याची वाट पाहायची, फोनचे हॉटस्पॉट लावायचे, ते जोडले गेले का पाहायचे आणि मग पत्ता टाकायचा, हा रोजचा विधी माझ्याच्याने होईना.

शिवाय त्या जीपीएस अँटेनेची छोटी डबी फिटर सवयीने डॅशबोर्डाच्या पोटात, लोखंडी पट्टीखाली कोंबून मोकळा होतो, आणि मग पडद्यावरचा बाण महामार्ग सोडून शेजारच्या सर्व्हिस रोडवरून चालू लागतो. स्टीरिओ घेणारच असाल, तर ती डबी काचेच्या बुडाशी, आकाश दिसेल अशी लावून घ्या आणि मूळ वायरी न कापता कपलरने, म्हणजे गाडीच्याच प्लगमध्ये बसणाऱ्या जोडाने, जोडणी होते का, हे आधी विचारा. हे दोन्ही जमले आणि वस्तू दुसऱ्या प्रकारची असली, तर माझी तक्रार बरीचशी उरत नाही. उरतो तो खर्च.

आता रोजचा मोबाइल. बहुसंख्य लोक हेच करतात आणि त्यात कायद्याचीही आडकाठी नाही, कारण 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनी, चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, केवळ मार्ग पाहण्यासाठी हातातल्या उपकरणाचा वापर मान्य केलेला आहे. नकाशा ताजा, खंबाटकीत कोंडी आहे की नाही तेही कळते आणि खर्च होल्डरचे काही शे रुपये. गुणांच्या तक्त्यात हा पर्याय पहिला येईल. तरीही मी तो सोडला, आणि त्याचे कारण एकच आहे: त्याच्यावर फोन येतात.

हे कारण पोरकट वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. माणूस लांबच्या प्रवासाला निघाला की त्याला नेहमीपेक्षा जास्त फोन येतात. घरून येतो, ज्यांच्याकडे निघालो त्या आत्यांचा "कुठवर आलात?" म्हणून येतो, बँकेचा कर्ज हवे का म्हणून येतो, आणि माझ्या अनुभवात तो नेमका रस्ता फुटण्याच्या जागी येतो. साताऱ्यापुढे उंब्रजला महामार्ग सोडून पाटणकडे वळायचे असते. तिथे सर्व्हिस रोडवर उतरण्याचे तोंड हुकले की पुढे जाऊन वळून येण्यावाचून गत्यंतर नसते. त्या तोंडाशी फोन वाजला की पडद्याच्या वरच्या भागात, म्हणजे जिथे पुढच्या वळणाची सूचना लिहिलेली असते बरोबर तिथे, कॉलची पट्टी येऊन बसते. कॉल घेतला तर नकाशा आक्रसून कोपऱ्यातल्या चौकोनात जातो किंवा दिसेनासाच होतो. कॉल कापला तर आत्या पुन्हा करतात, कारण प्रवासातल्या माणसाने फोन कापणे ही त्यांच्या दृष्टीने काळजीची बाब आहे.

यावर उपाय नाहीत असे नाही. नकाशाच्या सेटिंगमध्ये कॉल चालू असतानाही सूचना बोलण्याची सोय आहे. पण मग आत्यांचे वाक्य आणि "पाचशे मीटरनंतर डावीकडे वळा" एकमेकांत मिसळतात आणि दोन्हीही कळत नाहीत. व्यत्यय नको असा मोड लावता येतो; पण मग घरच्यांना तातडीने काही सांगायचे असेल तर तेही पोहोचत नाही, आणि गाडीत वृद्ध माणसे असताना किंवा घरी ठेवून निघालेले असताना ते मला पटत नाही. फोन स्टीरिओच्या ब्लूटूथला जोडून ठेवला, तर सूचनेचा आवाजही ब्लूटूथवर जातो आणि स्टीरिओ तेव्हा रेडिओवर असला, तर ती सूचना कोणालाच ऐकू येत नाही. मध्येच पेट्रोल पंपावर पैसे देण्यासाठी फोन होल्डरमधून काढायचा, ओटीपी पाहायचा, पुन्हा लावायचा, हे वेगळेच. प्रत्येक अडचण एकेकटी क्षुल्लक आहे. पण एकाच उपकरणाने टपालखाते, पाकीट आणि वाटाड्या अशी तीन कामे करायची आणि तिसरे काम नेमके निर्णायक क्षणी पहिल्या दोघांसाठी बाजूला ठेवायचे, ही रचनाच मला खटकत राहिली. स्वतंत्र यंत्राचा खरा मोठेपणा मला इथे समजला: त्याला कोणी फोन करू शकत नाही.

त्यामुळे मी शेवटी जुन्या मोबाइलवर स्थिरावलो. सिम काढून टाकलेला, बँकेची आणि गप्पांची सगळी ॲप पुसलेला, फक्त नकाशा ठेवलेला फोन म्हणजे व्यवहारात स्वतंत्र जीपीएस यंत्रच असते, फरक एवढाच की त्याचा नकाशा घरच्या वायफायवर फुकट ताजा होतो. गेल्या काही वर्षांतले बहुतेक फोन अमेरिकी जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि चीनचे बेइदोउ यांचेही उपग्रह ऐकतात, हा कुंभार्लीसारख्या घाटात प्रत्यक्ष फायदा आहे, कारण तिथे डोंगराच्या कड्यामुळे अर्धे आकाश झाकलेले असते आणि उरलेल्या अर्ध्यात जितके जास्त उपग्रह असतील तितका बाण रस्त्यावर टिकतो.

नकाशे दोन ठेवावेत. गूगल मॅप्समध्ये आपल्या वाटेचा प्रदेश आधीच उतरवून ठेवता येतो; इंटरनेट नसताना त्यावर गाडीचा रस्ता मिळतो, फक्त रहदारीची स्थिती मिळत नाही. जोडीला ऑरगॅनिक मॅप्स ठेवावे. ते स्वयंसेवकांनी भरलेल्या ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालते आणि संपूर्ण महाराष्ट्र फोनमध्येच उतरवते. कोकणातल्या वाड्यांच्या बाबतीत कधी एक नकाशा शहाणा ठरतो, कधी दुसरा. एखाद्या गावाचा रस्ता तिथल्याच कोणी उत्साही माणसाने काढलेला असेल, तर विहिरीपर्यंतची पायवाटही सापडते, आणि शेजारच्या गावात शाळासुद्धा नसते. वाडीचे नाव टाकून शोधण्यापेक्षा घराची खूण नकाशावर एकदा जतन करून ठेवणे उत्तम, कारण इंटरनेटविना नावाचा शोध दोन्हीकडे थोडा लंगडतो.

या पर्यायाचे दोषही सांगितले पाहिजेत. पहिला, सिम नसल्यामुळे सुरुवातीला जागा सापडायला वेळ लागतो. नेहमीच्या फोनला उपग्रहांच्या कक्षांची माहिती मोबाइलच्या जाळ्यातून चटकन मिळते. सिम नसलेल्या फोनला ती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते, आणि उपग्रह ती अत्यंत संथपणे सांगतो. एका उपग्रहाची कामापुरती माहिती मिळायला मोकळ्या आकाशाखाली साधारण अर्धे मिनिट लागते, सगळ्या उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटे, आणि इमारतींमधून गाडी चालू असली तर ऐकणे वारंवार तुटते. म्हणून सामान गाडीत भरतानाच हा फोन बाहेर आणून सुरू करावा. दुसरा, घाट बंद असल्याची बातमी त्याला आपोआप समजत नाही. पावसाळ्यात वरंधा घाट अनेकदा वाहतुकीसाठी बंद असतो, आणि इंटरनेटविना चालणारा नकाशा तुम्हाला निश्चिंतपणे भोरमार्गे तिकडे धाडेल. निघताना किंवा चहाला थांबल्यावर रोजच्या फोनचे हॉटस्पॉट थोडा वेळ देऊन रहदारी पाहून घ्यावी, एवढ्यावर माझे भागते. स्टीरिओच्या हॉटस्पॉटबद्दल मी वर कुरकुर केली होती हे मला आठवते. पण तिथे ते नसेल तर नकाशाच्या जागी राखाडी चौकोन दिसत, इथे ते नसले तरी काही अडत नाही.

उन्हाचा मुद्दा मात्र दोन्ही मोबाइलांना लागू आहे. काचेजवळ कडक ऊन, पडदा पूर्ण उजेडावर आणि त्यात चार्जिंग, असे एकत्र आले की फोन स्वतःला वाचवण्यासाठी आधी पडदा अंधुक करतो, मग चार्जिंग थांबवतो. सिम नसलेला फोन विमान मोडवर ठेवता येतो, जीपीएस तरीही चालू राहते, आणि टॉवर शोधण्यात जाणारी ऊर्जा वाचल्यामुळे तो थोडा थंड राहतो असे मला वाटते, मोजलेले नाही. एसीच्या जाळीवर लागणारा होल्डर उन्हाळ्यात चांगला, पण थंडीत महाबळेश्वरला हीटर लावला की तोच फोन भाजून काढतो, आणि जुन्या गाड्यांच्या जाळीच्या पट्ट्या फोनच्या वजनाने खाली झुकतात. मी होल्डर डॅशबोर्डावर, स्टीअरिंगच्या डाव्या बाजूला, काचेपासून शक्य तितका अलीकडे लावला आहे.

ज्यांना दररोज शहरातल्या कोंडीतून वाट काढायची आहे, त्यांनी रोजच्याच फोनवर राहावे. त्यांच्यासाठी क्षणाक्षणाची रहदारी हीच मुख्य गरज आहे आणि ती जुन्या फोनवर अर्धवटच भागते. टॅक्सी चालवणाऱ्यांनी दुसऱ्या प्रकारच्या स्टीरिओचा विचार करावा, तो खर्च त्यांना वसूल होईल. बाकीच्यांनी नवे काही विकत घेण्यापूर्वी घरातला ड्रॉवर उघडून पाहावा. फोन निवडताना पडदा किती मोठा आहे यापेक्षा बॅटरी कशी आहे ते पाहा: पाठ फुगलेली असेल, सपाट टेबलावर ठेवल्यावर फोन डुलत असेल, तर तो गाडीत अजिबात ठेवू नये. फोन चांगला असला तरी मे महिन्यात उभ्या केलेल्या गाडीत तो सोडून जाऊ नये. होल्डर तिथेच राहू द्यावा आणि फोन किल्लीबरोबर घरात आणावा.